फ्लूची लस वृद्धांचे किती रक्षण करते, हे मोजायचे कसे?

फ्लूची लस घेतलेल्या पासष्टीपुढच्या माणसांमध्ये हिवाळ्यातले मृत्यू जवळपास निम्म्याने कमी होतात, असे निष्कर्ष एकेकाळी वैद्यकीय नियतकालिकांत वारंवार छापून येत असत. 2007 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने दहा हंगामांच्या नोंदी तपासून हा आकडा 48 टक्के सांगितला होता. नोंदी खऱ्या होत्या आणि संशोधकांनी आकडेमोडही काळजीपूर्वक केली होती. तरीही या निष्कर्षात काहीतरी चुकते आहे, हे साध्या अंकगणितावरून दिसत होते. लोन सिमॉन्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली दाखवून दिले होते की, अमेरिकेतील वृद्धांच्या हिवाळ्यातील एकूण मृत्यूंपैकी फ्लूमुळे होणारे मृत्यू कोणत्याही हंगामात दहा टक्क्यांहून कमी असतात. जो आजार शंभरातल्या दहा मृत्यूंनाही कारणीभूत नाही, त्या आजारावरची लस शंभरातले अठ्ठेचाळीस मृत्यू कसे टाळू शकेल? लस शंभर टक्के परिणामकारक असती, तरी एकूण मृत्यूंतली घट दहा टक्क्यांच्या वर गेली नसती.

हा आकडा कुठे आणि कसा फुगला, हे समजून घेतले की लसीचे मोजमाप म्हणजे नेमके काय, हेही समजते. वृद्धांच्या बाबतीत हे जास्त महत्त्वाचे आहे, कारण फ्लूने रुग्णालयात दाखल होणाऱ्यांत आणि दगावणाऱ्यांत त्यांचीच संख्या मोठी असते आणि त्यांच्याच बाबतीत मोजमाप करणे सर्वांत अवघड जाते.

आधी टक्क्यांचा अर्थ पाहू. ‘लस 40 टक्के परिणामकारक आहे’ याचा अर्थ शंभरपैकी चाळीस जणांना पूर्ण संरक्षण मिळाले आणि साठ जण वाऱ्यावर राहिले, असा नव्हे. लस न घेतलेल्यांमध्ये जितका धोका आहे, त्याच्या 40 टक्के कमी धोका लस घेतलेल्यांमध्ये आढळला, एवढेच त्यातून कळते. म्हणजे हा आकडा तुलनेचा असतो आणि मूळ धोका किती होता, हे तो सांगत नाही. पासष्टीपुढच्या लोकांवर झालेल्या चाचण्यांचा कोक्रेन या संस्थेने 2018 साली घेतलेला आढावा याचे चांगले उदाहरण आहे. लस न दिलेल्या गटात एका हंगामात 6 टक्के लोकांना फ्लू झाला, तर लस दिलेल्या गटात 2.4 टक्के लोकांना. तुलनेत पाहिले तर घट 58 टक्क्यांची आहे. प्रत्यक्ष पाहिले तर शंभर माणसांमागे साडेतीन-चार माणसांचा फ्लू टळला, म्हणजेच एका माणसाचा फ्लू टाळण्यासाठी सुमारे तीस जणांना लस द्यावी लागली. दोन्ही आकडे खरे आहेत. माझ्या मते ते नेहमी शेजारी शेजारी छापले पाहिजेत, कारण पहिला एकटाच वाचणाऱ्याला लस जादूची वाटते आणि दुसरा एकटाच वाचणाऱ्याला ती निरुपयोगी वाटते.

दुसरा प्रश्न असा की, मोजायचे काय? ताप, खोकला आणि अंगदुखी घेऊन आलेल्या प्रत्येकाला फ्लू झालेला नसतो. आरएसव्ही, ऱ्हायनोव्हायरस, कोरोना कुळातील विषाणू असे अनेक जण नेमकी हीच लक्षणे निर्माण करतात. समजा, लस न घेतलेल्या हजार वृद्धांपैकी शंभर जण अशा लक्षणांनी आजारी पडले आणि त्यांपैकी फक्त तीस जणांना खरोखर फ्लू होता. लसीने फ्लू निम्म्यावर आणला, तर लस घेतलेल्या हजारांत फ्लूचे पंधरा आणि इतर विषाणूंचे सत्तर, असे पंच्याऐंशी आजारी दिसतील. प्रयोगशाळेत तपासणी न करता नुसती लक्षणे मोजणारा संशोधक म्हणेल की लस 15 टक्के परिणामकारक आहे. तपासणी करणारा म्हणेल 50 टक्के. लस तीच आणि माणसेही तीच. फरक फक्त मोजण्याच्या मापाचा आहे. माप जितके ढोबळ, तितका लसीचा परिणाम पातळ झालेला दिसतो, हे लक्षात ठेवले तर सुरुवातीचा आकडा आणखीच कोड्यात टाकतो, कारण ‘कोणत्याही कारणाने झालेला मृत्यू’ हे सर्वांत ढोबळ माप आहे आणि तिथेच लसीचा परिणाम सर्वांत मोठा दिसत होता.

यावरचा सरळ उपाय म्हणजे चिठ्ठ्या टाकून लोकांचे दोन गट करणे, एका गटाला लस आणि दुसऱ्याला लसीसारखेच दिसणारे निरुपद्रवी इंजेक्शन देणे, आणि कोणाला काय मिळाले हे हंगाम संपेपर्यंत कोणालाही न सांगणे. नेदरलँड्समध्ये 1991-92 च्या हंगामात साठी ओलांडलेल्या 1838 जणांवर अशी चाचणी झाली. रक्ततपासणीवरून ठरवलेला फ्लू लस न मिळालेल्या गटात 9 टक्के आणि लस मिळालेल्या गटात 4 टक्के निघाला. म्हणजे धोका सुमारे निम्म्याने कमी झाला. वृद्धांवरील लसीबद्दल आजही या चाचणीचा दाखला दिला जातो, आणि ते योग्यच आहे. पण तिच्यात दोन उणिवा होत्या. हृदयरोग, फुप्फुसाचे विकार असे जास्त जोखमीचे आजार असलेले लोक तिच्यात नव्हते, कारण त्यांना लस देण्याची शिफारस आधीच लागू होती. दुसरी उणीव सहज ध्यानात येत नाही. रक्तातील प्रतिपिंडे चौपट वाढली की फ्लू होऊन गेला, असे या पद्धतीत मानतात. पण लस घेतलेल्या माणसाच्या रक्तात ती आधीच वाढलेली असतात, त्यामुळे त्याला पुढे फ्लू झाला तरी चौपट वाढ दिसण्याची शक्यता कमी असते. अशा माणसाचा फ्लू मोजणीतून निसटतो आणि लस आहे त्यापेक्षा चांगली दिसते.

मग अशा मोठ्या चाचण्या पुन्हा का होत नाहीत? ज्या लसीची शिफारस आधीच झालेली आहे, ती निम्म्या वृद्धांना मुद्दाम न देणे नैतिकदृष्ट्या कठीण आहे. अमेरिकेत तर 1957-58 च्या महासाथीनंतर, 1960 सालीच पासष्टीपुढच्यांना दरवर्षी लस देण्याची शिफारस झाली होती. म्हणजे भक्कम पुरावा गोळा होण्याच्या कितीतरी आधी. शिवाय संख्येचीही अडचण आहे. फ्लूमुळे एका हंगामात हजारी एक मृत्यू होतो, असे केवळ हिशोबासाठी धरले, तर दहा-दहा हजारांचे दोन गट घेऊनही एका बाजूला दहा आणि दुसऱ्या बाजूला पाच मृत्यू दिसतील. एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. मृत्यूबद्दल ठामपणे काही सांगायचे, तर लाखो माणसे लागतात.

म्हणून संशोधक तयार नोंदींकडे वळले. विमा संस्थांकडे आणि रुग्णालयांकडे कोणी लस घेतली, कोण दाखल झाले, कोण दगावले, याच्या लाखो नोंदी असतात. दोन गट करून तुलना केली की आकडा हाती येतो. इथेच पाणी मुरत होते. लस घेणारे आणि न घेणारे हे दोन गट चिठ्ठ्या टाकून झालेले नसतात. ते माणसांच्या आयुष्यातून आपोआप पडलेले असतात.

सिअ‍ॅटलच्या लिसा जॅक्सन आणि सहकाऱ्यांनी 2006 साली या गोष्टीचा ज्या पद्धतीने ताळा केला, ती पद्धत मला या संपूर्ण विषयातली सर्वांत देखणी वाटते. त्यांनी पासष्टीपुढच्या 72,527 जणांच्या आठ वर्षांच्या नोंदी घेतल्या आणि वर्षाचे तीन भाग केले: फ्लू यायच्या आधीचा काळ, फ्लूचा हंगाम आणि त्यानंतरचा काळ. लस खरोखर मृत्यू टाळत असेल, तर फरक हंगामात दिसला पाहिजे आणि विषाणू फिरतच नसताना दोन्ही गट सारखेच असले पाहिजेत. प्रत्यक्षात उलटेच निघाले. लस न घेतलेल्यांचा मृत्यूचा धोका 1 धरला, तर लस घेतलेल्यांचा धोका हंगामाआधी 0.39, हंगामात 0.56 आणि हंगामानंतर 0.74 होता. म्हणजे फ्लूचा मागमूस नसताना लस 61 टक्के मृत्यू ‘टाळत’ होती आणि विषाणू आल्यावर तिचा परिणाम 44 टक्क्यांवर घसरत होता. जो विषाणू अजून आलेलाच नाही, त्याच्यापासून कोणतीही लस वाचवू शकत नाही. तेव्हा हा फरक लसीने निर्माण केलेला नव्हता. तो लस टोचण्यापूर्वीच माणसांमध्ये होता.

हे कसे घडते, ते पाहण्यासाठी एक घर डोळ्यांसमोर आणावे. आजी पंच्याऐंशीच्या आहेत. गेल्या महिन्यापासून त्यांचे जेवण कमी झाले आहे, पायांवर सूज आहे, खोलीतून न्हाणीघरापर्यंत जाताना त्यांना दम लागतो आणि आंघोळीला सुनेचा हात लागतो. लसीचा विषय निघतो तेव्हा मुलगा म्हणतो, ‘आता नको, जरा बरे वाटू दे, मग नेऊ.’ त्याचे म्हणणे प्रेमापोटी आहे आणि समजण्यासारखेही आहे. पण जरा बरे वाटण्याआधीच आजी जातात, फ्लूने नव्हे, थकलेल्या हृदयाने. आणि नोंदवहीत ‘लस न घेतलेली व्यक्ती, मृत्यू’ अशी एक ओळ वाढते. दुसरीकडे, रोज सकाळी फिरायला जाणारे, रक्तदाबाच्या गोळ्या न चुकवणारे शेजारचे आजोबा स्वतःच्या पायांनी जाऊन लस घेऊन येतात आणि पुढेही ठणठणीत राहतात. त्यांच्या तब्येतीचे श्रेय लसीच्या खात्यात जमा होते. जॅक्सन यांच्याच दुसऱ्या अभ्यासात असे आढळले की, आंघोळीला मदत लागणाऱ्या वृद्धांमध्ये लस घेण्याचे प्रमाण कमी आणि मृत्यूचे प्रमाण बरेच जास्त होते. विमा संस्थेच्या नोंदींत मधुमेह असतो, हृदयरोग असतो; आंघोळीला कोणाचा हात लागतो, हे सहसा नसतेच. त्यामुळे कितीही आजारांचा हिशोब धरून आकडे दुरुस्त केले, तरी ही गळती बुजत नाही. हंगामाआधी फरक सर्वांत मोठा का होता, याचेही उत्तर यातच आहे: जे अगदी शेवटच्या टप्प्यावर होते ते सुरुवातीलाच गेले आणि उरलेले दोन गट हळूहळू एकमेकांसारखे होत गेले.

हा दोष उघड झाल्यावर काहींनी लसीवरच काट मारली. ते मला पटत नाही, कारण मापात दोष सापडला म्हणून मोजायची वस्तूच नाही असे ठरत नाही. ब्रूस फायरमन आणि सहकाऱ्यांनी उत्तर कॅलिफोर्नियातील नोंदी घेऊन 2009 साली वेगळी वाट काढली. फ्लू नसतानाच्या काळात दोन गटांत जो फरक दिसतो, तो लसीचा नाही असे धरून त्यांनी हंगामातल्या फरकातून तो वजा केला. उरलेली घट होती 4.6 टक्के. 48 पुढे हा आकडा किरकोळ दिसतो खरा. पण हंगामातल्या मृत्यूंत फ्लूचा वाटाच दहा टक्क्यांच्या आत आहे हे आठवले, की फ्लूने झाले असते अशा मृत्यूंचा मोठा हिस्सा लसीने टाळला, असा त्याचा अर्थ होतो. अंकगणिताशी जुळणारा आकडा अखेर हाती आला, तो असा.

आज जगभर दर हंगामाला जे आकडे जाहीर होतात, ते बहुतेक वेळा आणखी एका पद्धतीने काढलेले असतात. कॅनडात 2004-05 च्या हंगामात डानुटा स्कोव्रॉन्स्की आणि सहकाऱ्यांनी ती फ्लूच्या लसीसाठी वापरायला सुरुवात केली. तिची कल्पना साधी आहे. लक्षणे घेऊन दवाखान्यात किंवा रुग्णालयात आलेल्या सगळ्यांचाच स्वॅब घ्यायचा, पीसीआर तपासणी करायची, आणि ज्यांचा अहवाल पॉझिटिव्ह आला त्यांच्यातल्या लसीकरणाची तुलना निगेटिव्ह आलेल्यांशी करायची. समजा, दोनशे पॉझिटिव्ह वृद्धांपैकी 75 जणांनी लस घेतली होती आणि 125 जणांनी नाही. हे गुणोत्तर 0.6 झाले. चारशे निगेटिव्ह वृद्धांपैकी 200 जणांनी घेतली होती आणि 200 जणांनी नाही. हे गुणोत्तर 1. पहिल्याला दुसऱ्याने भागले की 0.6 येतात, ते एकातून वजा केले की 0.4 उरतात, म्हणजे लस 40 टक्के परिणामकारक. यातली खुबी अशी की, दोन्ही गटांतली माणसे आजारी पडल्यावर डॉक्टरांकडे येणारीच असतात. जो मुळात दवाखान्यात जातच नाही, तो कोणत्याच रकान्यात येत नाही, त्यामुळे स्वभावातला आणि सवयीतला फरक बराच पुसला जातो.

तरी वृद्धांच्या बाबतीत या पद्धतीलाही ठेच लागते. तरुण माणसाला फ्लू झाला की ताप चढतो आणि तो फ्लूसारखाच दिसतो. ऐंशीच्या माणसाला कधी कधी ताप येतच नाही. तो अचानक गोंधळल्यासारखा बोलू लागतो, जेवण टाकतो, चालताना पडतो, किंवा त्याचा जुना दमा बळावतो. ‘ताप आणि खोकला’ अशी चाळणी लावली, तर हे रुग्ण तपासणीपर्यंत पोहोचतच नाहीत. आणि पोहोचले तरी बरेचदा उशिरा पोहोचतात. आजार सुरू झाल्यानंतर पाच-सहा दिवसांनी घेतलेल्या स्वॅबमध्ये विषाणू सापडण्याची शक्यता घटलेली असते, त्यामुळे खरा फ्लूचा रुग्ण निगेटिव्हांच्या रकान्यात जाऊन बसतो आणि दोन गटांतला फरक बोथट होतो. म्हणूनच चांगल्या अभ्यासांत लक्षणे सुरू झाल्यापासून किती दिवसांत स्वॅब घेतला, याची मर्यादा घातलेली असते. एखाद्या हंगामाचा आकडा वाचताना ही मर्यादा आहे की नाही, ते मी आधी पाहतो.

याशिवाय ‘फ्लूची लस’ ही एकच वस्तू नाही. विषाणू बदलत राहतो, म्हणून लसीतले घटकही वेळोवेळी बदलावे लागतात. स्वॅब तपासून तुलना करण्याच्या या पद्धतीने झालेल्या अभ्यासांचा 2016 साली एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा सर्व वयोगट मिळून परिणामकारकता 2009 च्या महासाथीतून आलेल्या एच1एन1 या फ्लूच्या प्रकाराविरुद्ध 61 टक्के, बी प्रकाराविरुद्ध 54 टक्के आणि एच3एन2 विरुद्ध अवघी 33 टक्के निघाली. आणि वृद्धांना सर्वांत जास्त त्रास देतो तो हाच एच3एन2, जो 1968 च्या महासाथीपासून माणसांत ठाण मांडून आहे. तो झपाट्याने रूप बदलतो आणि लसीसाठी कोंबडीच्या अंड्यांत वाढवताना तिथल्या वातावरणाशी जुळवून घेण्याच्या नादात आणखी बदलतो. मग लस ज्या विषाणूची ओळख शरीराला करून देते आणि जो विषाणू प्रत्यक्ष फिरत असतो, ते दोघे पुरेसे सारखे राहत नाहीत. म्हणून ‘या वर्षी लस 35 टक्के चालली’ हे वाक्य अपुरे आहे. कोणत्या विषाणूविरुद्ध, कोणत्या वयात, आणि घरी राहून बरे होण्याजोग्या आजारासाठी की रुग्णालयात दाखल होण्यासाठी, ही तिन्ही उत्तरे मिळाल्याशिवाय दोन वर्षांच्या आकड्यांची तुलना करता येत नाही.

वयाबरोबर शरीराचा लसीला मिळणारा प्रतिसाद मंदावतो, त्यावर उपाय म्हणून पासष्टीपुढच्यांसाठी जास्त मात्रेची लस निघाली. नेहमीच्या लसीत प्रत्येक विषाणूप्रकाराचे 15 मायक्रोग्रॅम प्रतिजन (शरीराला विषाणूची ओळख करून देणारा घटक) असते, तर हिच्यात 60. इथे मोजमापाला एक मोठी सोय मिळाली: कोणालाही लसीवाचून ठेवायचे नव्हते, कारण तुलना दोन लसींमध्येच होती, आणि त्यामुळे चिठ्ठ्या टाकणे पुन्हा शक्य झाले. अमेरिका आणि कॅनडातील 31,989 जणांच्या चाचणीत, जिचे निष्कर्ष 2014 साली आले, प्रयोगशाळेत सिद्ध झालेला फ्लू नेहमीच्या लसीच्या गटात 1.9 टक्के आणि जास्त मात्रेच्या गटात 1.4 टक्के आढळला. म्हणजे जास्त मात्रा 24 टक्क्यांनी सरस ठरली. हा 24 ‘लस न घेण्याच्या’ तुलनेतला आकडा नव्हे. नेहमीची लस 40 टक्के धोका कमी करते असे धरले, तर उरलेल्या साठातले आणखी 24 टक्के कमी होऊन एकूण संरक्षण सुमारे 54 टक्क्यांपर्यंत जाते. बातम्यांत हे दोन आकडे एकमेकांत मिसळले जातात आणि वाचणाऱ्याला वाटते की भारी लस तर नेहमीच्या लसीपेक्षा वाईट निघाली.

माप काय निवडले यावर उत्तर किती हलते, हे 2025 साली डेन्मार्कच्या चाचणीने पुन्हा दाखवले. तीन हंगामांत 3,32,438 ज्येष्ठांना चिठ्ठ्या टाकून यांपैकी एक लस दिली गेली. फ्लू किंवा न्यूमोनियामुळे रुग्णालयात दाखल होणे, हे मुख्य माप आधीच ठरवलेले होते. त्यात नेहमीच्या लसीच्या गटात 0.73 टक्के आणि जास्त मात्रेच्या गटात 0.68 टक्के लोक आढळले, फरक 5.9 टक्क्यांचा, जो योगायोगानेही पडला असू शकतो. पण केवळ फ्लूमुळे दाखल झालेल्यांकडे पाहिले, तर घट 43.6 टक्के होती. न्यूमोनिया अनेक जंतूंमुळे होतो आणि त्यांतल्या बहुतेकांशी फ्लूच्या लसीचे काही देणेघेणे नसते. मात्र चाचणीचा शिस्तीचा नियम असा की, आधी ठरवलेल्या मापाचे उत्तर हेच मुख्य उत्तर, म्हणून संशोधकांनी अपेक्षित फरक सिद्ध झाला नाही असे स्पष्ट लिहिले. हा प्रामाणिकपणा मला मोलाचा वाटतो.

या चाचण्यांत येणारे ज्येष्ठ बहुधा केंद्रापर्यंत येऊ शकणारे, संमतीपत्र वाचून सही करणारे असतात. अंथरुणाला खिळलेले त्यांत फारसे नसतात. त्यांच्यासाठी अमेरिकेत 2013-14 च्या हंगामात वेगळी युक्ती योजली गेली: माणसांच्या नव्हे, तर 823 वृद्धाश्रमांच्या चिठ्ठ्या टाकल्या गेल्या. काही ठिकाणी सगळ्यांना नेहमीची लस, काही ठिकाणी सगळ्यांना जास्त मात्रेची. श्वसनाच्या आजारामुळे रुग्णालयात हलवावे लागण्याचे प्रमाण पहिल्या ठिकाणी 3.9 टक्के आणि दुसऱ्या ठिकाणी 3.4 टक्के राहिले, म्हणजे सुमारे 13 टक्क्यांची घट झाली. आंघोळीला ज्यांना दुसऱ्याचा हात लागतो, अशी माणसे या मोजणीत दोन्ही बाजूंना सारखीच होती.